खड्डा कुठे खणणार, ते आजच विचारा

नागपूरच्या सीताबर्डीत कुत्रं पाळणं सोपं आहे, त्याला माती देणं अवघड. पिल्लू आणताना जात बघितली जाते, नावावरून घरात वाद होतात, लसींचं कार्ड फाइलला लागतं, खाण्याचे ब्रँड बदलून बदलून पाहिले जातात. पण हे जनावर ज्या दिवशी जाईल त्या दिवशी त्याला कुठे न्यायचं, हा प्रश्न दहा-बारा वर्षांत एकदाही कोणी काढत नाही. माझं म्हणणं एवढंच की तो प्रश्न जनावर धडधाकट असताना विचारावा आणि त्याचं उत्तर कागदावर लिहून ठेवावं. मरणानंतर हातात मोजके तास उरतात, आणि त्या तासांत आपण सोडून बाकी सगळे निर्णय घेतात: दवाखाना, सोसायटीचा अध्यक्ष, गाडीवाला, फोनवरचा माणूस. हे मी रागानं लिहिते आहे, ते लपवत नाही. माझ्या घरात काय झालं ते मात्र सांगत बसणार नाही. ते ऐकून लोक हळहळतात, आणि हळहळीनं खड्डा खणला जात नाही.

आधी बर्डीच्या जमिनीचंच बघा. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत १८५० च्या दशकात नागपूरच्या भूगर्भावर लेखन केलं, त्यात सीताबर्डीच्या टेकडीचं वर्णन आहे. ही टेकडी म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर, काळा पाषाण. किल्ला तिथे उभा राहिला आणि टिकला तो याच दगडाच्या जोरावर. किल्ल्याला जे सोयीचं ते कुदळीला सोयीचं नसतं. टेकडीच्या आसपास वरची थोडी माती निघाली की सब्बल खणखण वाजायला लागते. मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी किमान तीन-चार फूट खोल खड्डा हवा, वर पुरेशी माती हवी. त्याहून उथळ पुरलं तर रात्री मोकाट कुत्री उकरून काढतात. मोदी नंबर एक-दोन-तीनच्या गल्ल्यांत असा खड्डा घ्यायला मोकळी माती उरली आहे कुठे? जिथे अंगण होतं तिथे पार्किंग झालं, पार्किंगवर गट्टू बसले. उरलेली फुटाफुटाची जागा सोसायटीच्या सामाईक मालकीची असते आणि तिथे एका घराचा हक्क चालत नाही. ‘तुळशीजवळ पुरू’ हे वाड्यातल्या दिवसांचं वाक्य आहे. वाडे गेले, वाक्य राहिलं, आणि लोक अजून त्याच्या भरवशावर असतात. ज्यांच्याकडे खरोखर स्वतःची मोकळी जमीन आहे त्यांनीही एकदा सब्बल मारून बघावी. त्यासाठी जनावर मरायची वाट बघू नये.

दुसरी गोष्ट हवेची. नागपूरच्या उन्हाळ्याचं कौतुक आपण पाहुण्यांना सांगतो. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. अशा दिवसांत मृत शरीर थांबत नाही. काही तासांत ते ताठ होतं, मग पोट फुगू लागतं, तोंडातून आणि मागून द्रव येतो, माश्या तर आधीच आलेल्या असतात. म्हणून पहिल्या तासाभरात करायची कामं ठरलेली असावीत. अंग मऊ आहे तोवर पाय पोटाशी दुमडून घ्यायचे, म्हणजे नंतर दारातून आणि गाडीतून नेता येतं आणि खड्डाही लहान पुरतो. खाली जुना टॉवेल किंवा वर्तमानपत्रांची जाड घडी टाकायची. गळ्यातला पट्टा काढून घ्यायचा. एसी असलेल्या खोलीत, फरशीवर, पोटाच्या दोन्ही बाजूंना कापडात गुंडाळलेला बर्फ लावायचा. बर्फाची लादी जवळपास कुठे मिळते हे घरात कुणाला तरी ठाऊक असलं पाहिजे. कूलर लावू नका. त्याची दमट हवा उलट काम बिघडवते. हे वाचताना नको वाटतं, मान्य. पण रात्री दोन वाजता मृत जनावराजवळ उभं राहून हे मोबाइलवर शोधणं त्याहून जास्त नको असतं. डिसेंबरात थोडी सवड मिळते. मे महिन्यात दुपारी गेलेलं जनावर संध्याकाळपर्यंत जागी पोचलं नाही तर घर बसू देत नाही, आणि शेजारी तर नाहीच नाही.

आता माणसांबद्दल. वर्षानुवर्षं ज्या दवाखान्यात आपण लसी, जंताची औषधं, दात, कान, सगळं करून घेतो, तिथल्या लोकांना आपल्या जनावराचं नाव, खोड्या, आवडती बिस्किटं पाठ असतात. जनावर टेबलावर गेलं की ‘लवकर घेऊन जा, बाहेर पेशंट थांबलेत’ हे शब्द याच लोकांच्या तोंडून येतात. पुढे काय करायचं असं विचारलं तर एक खाजगी नंबर चिठ्ठीवर मिळतो. त्या नंबरवरचा माणूस वजन विचारायच्या आधी आपली कॉलनी विचारतो, आणि भाव त्यावर ठरतो. आपण एकटे पडलो आहोत हे कळायचा क्षण तो. दुःख होतंच, पण त्यासोबत समजतं की इतकी वर्षं ज्याला आपण नातं समजत होतो ती समोरच्यासाठी एक फाइल होती आणि ती आत्ता बंद झाली. डॉक्टरांची बाजूही आहे, ती मी नाकारत नाही: त्यांच्याकडे शीतपेटी नसते, जागा अपुरी असते, रांगेतलं पुढचं जनावर जिवंत असतं. पण मग हे आधी सांगायला काय जातं? लसीची पुढची तारीख लिहून देता, तशी ही माहितीही एका कागदावर छापून देता येईल. ‘तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघतो’ असं सांगणारे दवाखानेही असतात. त्यांना नेमकं काय बघणार ते विचारा. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम जनावरांच्या दवाखान्यांनाही लागू आहेत, आणि शस्त्रक्रियेत निघालेले अवयव किंवा प्रयोगातल्या प्राण्यांचे देह त्या नियमांनुसार पिवळ्या पिशवीतून जाळायला जातात. आपलं जनावर त्या वाटेनं जाणार की वेगळ्या, याचं सरळ उत्तर डॉक्टरांनी द्यायला हवं. ज्यांना पिवळी पिशवी चालणार असेल त्यांनी खुशाल हो म्हणावं. मात्र ते हो जाणूनबुजून दिलेलं असावं.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: ‘त्यासाठी महापालिका आहे ना!’ आहे, आणि मेलेली जनावरं उचलणं हे नगरपालिकांचं जुनं काम आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तर स्पष्ट तरतूद आहे की ज्या जागेत जनावर मरेल त्या जागेच्या वहिवाटदारानं तीन तासांत, आणि रात्री मेलं तर सूर्योदयानंतर तीन तासांत, आरोग्य खात्याला कळवावं. ते तीन तास जरा नीट बघा. शोकाला किती वेळ लागतो याचा विचार करून ते ठरलेले नाहीत. रोगराई पसरू नये म्हणून ठरलेले आहेत. कायद्याच्या लेखी रस्त्यावर पडलेली गाय आणि तुमच्या पलंगाशी झोपणारा मोती यांत फरक नाही, आणि स्वच्छतेच्या दृष्टीनं तो असूही नये. गाडीसोबत येणारे सफाई कर्मचारी त्यांचं काम करतात. त्यांच्यावर ओरडणाऱ्यांचा मला संताप येतो. जे काम करायला आपले हात पुढे होत नाहीत ते काम ते करत असतात. पण ‘शहर स्वच्छ ठेवणं’ आणि ‘आपल्या जनावराला निरोप देणं’ ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम कोणावर सोपवलेलं नाही. मुंबईत २०२३ साली मालाडला महापालिकेनं लहान प्राण्यांसाठी पाइपच्या गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली, तीही मोफत. म्हणजे हे होऊ शकतं. पण अशा सरकारी सोयीलाही कागद लागतात: डॉक्टरांचं मृत्यूचं प्रमाणपत्र, मालकाची ओळख, कुत्र्याचा परवाना. परवाना काढलेला नसेल तर त्या दिवशी काढता येत नाही. म्हणून आपल्या झोन ऑफिसात साध्या दिवशी जा आणि विचारा: गाडी रविवारी आणि दिवाळीत येते का, रात्री फोन उचलला जातो का, देह शेवटी कुठे नेतात, सोबत जाऊ देतात का, पैसे किती आणि पावती मिळते का. टेबलावरचा माणूस तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल. बघू द्या.

सोयी आपोआप होत नाहीत, लोकांची अडवणूक झाल्यावर होतात, याचा पुरावा पॅरिसजवळच्या आस्निएरला आहे. तिथली प्राण्यांची दफनभूमी १८९९ ची. त्याआधी पॅरिसकर मेलेली कुत्री सरळ सीन नदीत टाकत. १८९८ च्या कायद्यानं वस्तीपासून दूर आणि पुरेशा खोल मातीत पुरणं बंधनकारक केलं, तेव्हा कुठे जागेचा प्रश्न कुणाच्या तरी डोक्यात आला. आपल्याकडे सीनच्या जागी नाग नदी आहे, आणि १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार नदीत घाण टाकायला मनाई आहे. तरी पुलावरून पोतं टाकणारी माणसं अंधाराची वाट बघून येतात. त्या सगळ्यांना दुष्ट ठरवून मोकळं होता येत नाही. बहुतेकांना त्या रात्री दुसरी जागाच माहीत नसते.

दुसरा आक्षेप सुटसुटीत वाटतो: ‘आपलं गावी शेत आहे, तिकडे नेऊ.’ काटोल, सावनेर, उमरेड, वर्धा, बर्डीतल्या निम्म्या घरांचं कुठे ना कुठे शेत असतं. पण ते शेत आज कोण कसतं? बटईनं दिलेलं असेल तर त्या माणसाला विचारलंय? भावाभावांत वाटणी व्हायची असेल तर कुणाच्या धुऱ्याला खड्डा? चार भिंतींच्या आत सगळे ‘आणा ना, त्यात काय’ म्हणतात. प्रत्यक्ष दिवशी वहिनींच्या घरी लग्न निघतं. शिवाय नेणार कशात? ऑटोवाला नाही म्हणतो, टॅक्सीवाला डिकी उघडत नाही, एसटीचा तर प्रश्नच नाही. स्वतःची गाडी नसेल तर जो नेईल अशा माणसाचा होकार आधी मिळवून ठेवा, आणि त्याला वजन खरं सांगा. मोठा लॅब्राडोर तीस किलोच्या आसपास भरतो. तिसऱ्या मजल्यावरून तो खाली आणायला दोन धडधाकट माणसं आणि एक जाड चादर लागते. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांनी हे विशेष लक्षात घ्यावं. त्यांच्या बाबतीत सगळं अडतं ते इथेच.

शेतातही काही गोष्टी पाळाव्या लागतात. विहीर, बोअर, नाला यांपासून खड्डा लांब हवा. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, म्हणून सखल भागात खड्डा घेऊ नये. जुलैत खणता खणता तो पाण्यानं भरतो. वर दगड रचावेत, कारण रानडुकरं आणि कोल्हे माणसांपेक्षा चांगलं खणतात. प्लास्टिकची पिशवी खड्ड्यात नको, सुती कापड पुरे. आणि ते मीठ! ‘मिठाची गोणी टाका, लवकर विरघळतं’ हा सल्ला इतक्या आत्मविश्वासानं दिला जातो की ऐकणारा गप्प बसतो. ज्या घरात कैरीचं लोणचं वर्षभर टिकावं म्हणून मीठ सढळ हातानं पडतं, तिथे हेच मीठ मांस लवकर कुजवेल असं कसं मानायचं? मिठानं कुजणं लांबतं आणि जमीन खराब होते. चुन्याचंही तेच: वास आणि माश्या थोड्या कमी होतात, पण कुजण्याचा वेग वाढत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, जनावराला इंजेक्शन देऊन शांत केलं असेल तर कोणतं औषध वापरलं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पेंटोबार्बिटलसारखी औषधं देहात टिकून राहतात आणि तो देह खाणारं कुत्रं, कोल्हा, गिधाड मरू शकतं. जनावरांच्या औषधांनी गिधाडं मरतात हे आपण एकदा पाहिलं आहे. डायक्लोफिनॅकमुळे ती इतकी घटली की २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. त्यामुळे ‘जंगलाच्या कडेला ठेवून येऊ, निसर्ग बघेल’ हे ऐकायला जितकं सुंदर तितकंच घातक.

तिसरा आक्षेप तर्कानं खोडता येत नाही असं लोकांना वाटतं: ‘जिवंतपणी असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.’ पण हे म्हणणाऱ्याच घरांत देवघरातल्या फडताळात गंगाजलाची लोटी वर्षानुवर्षं सीलबंद असते, आणि ती कशासाठी ते सगळ्यांना माहीत असतं. कित्येक आज्या आपलं शेवटचं लुगडं स्वतः निवडून ट्रंकेत ठेवायच्या आणि कुठल्या घडीखाली आहे ते सुनेला दाखवायच्या. मरणाची तयारी करणं आपल्या संस्कृतीत अभद्र नव्हतं, ते शहाण्या माणसाचं लक्षण मानलं जायचं. आणि जनावराच्या बाबतीत हिशेब तर पहिल्याच दिवशी समोर असतो: कुत्रं दहा-तेरा वर्षं, मांजर पंधरा-सोळा. आपल्या डोळ्यांसमोर ते जाणार हे ठरूनच आपण त्याला घरी आणतो.

चौथ्या आक्षेपात खोच असते: ‘माणसांना जागा पुरत नाही आणि तुमची कुत्र्यांसाठी थेरं!’ इथे कोणी समाधी बांधा म्हणत नाही. बांधणाऱ्यांनी बांधल्या आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकावरून तर अजून वाद चालू आहेत, त्यात मला पडायचं नाही. माझा मुद्दा त्यापेक्षा फार रुक्ष आहे. नीट विल्हेवाट लागली नाही तर त्रास माणसांनाच होतो. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो आणि शेजारचं पिल्लू आजारी पाडतो. रेबीजचा संशय असेल तर प्रश्न जिवावरचा असतो: देहाला उघड्या हातानं शिवू नये, सरकारी पशुवैद्यकांना कळवावं, आणि ज्यांना चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल त्यांनी ‘आता तर ते मेलं’ असं म्हणून इंजेक्शनं टाळू नयेत. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यातही रेबीजचा समावेश आहे.

घाईत विसरलं जातं असं आणखी एक आहे. विषबाधेचा संशय असेल तर दहनाची घाई करू नका. आधी पोलिसांत तक्रार, मग शवविच्छेदन. जनावराला मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, आणि राख झाल्यावर कोणताही पुरावा हाती राहत नाही. ‘आता काय, गेलं ते गेलं’ म्हणणारे शेजारी अशा वेळी फार मायेनं बोलतात; त्यातला एखादा इतका मायाळू का झाला आहे, याचाही विचार करावा. बाकी नेहमीचं: मुलांशी खोटं बोलू नका, रडू येईल तर येऊ द्या, आणि दुसरं पिल्लू लगेच आणू नका, आधीचं पार्व्होनं गेलं असेल तर मुळीच नाही.

दहन निवडणाऱ्यांनी एक प्रश्न आधीच विचारायचा: स्वतंत्र की एकत्र? भट्टीत एका वेळी तीन-चार जनावरं गेली तर मिळणारी राख तुमच्याच जनावराची असं म्हणता येत नाही. त्यात फसवणूक असेलच असं नाही, स्वस्तात पडतं म्हणून बरेच जण तसं करतातही, पण ते आधी सांगून व्हायला हवं. राख साधारणपणे वजनाच्या तीन-चार टक्के निघते, म्हणजे तीस किलोच्या कुत्र्याची किलोभराच्या आसपास. तुमच्या हातात दोन-तीन किलोची थैली आली तर विचारा कशी काय. थांबून बघू देतात का, तेही ठरवून घ्या. दर वजनावर आहे की अंतरावर, रात्रीचे जादा किती, राखेचं भांडं दरात धरलेलं आहे की वेगळं, हे सगळं मोबाइलवर लेखी घ्या, आणि मग पैसे देताना पावती मागा. ‘अशा वेळी पावती कसली मागता ताई?’ असं जो म्हणेल त्याचा नंबर त्याच दिवशी यादीतून काढून टाका.